गच्चीवर हॅम रेडिओचा मास्ट: परवान्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर उभ्या असलेल्या माझ्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओच्या मास्टने यंदा दुसरा पावसाळा पार केला. मास्ट म्हणजे सहा मीटरचा लोखंडी खांब. त्याच्या डोक्यावर व्हीएचएफची (१४५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याची) उभी अँटेना आणि खाली दोन्ही बाजूंना उतरणारी ४० मीटर बँडची (७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याची) तार-अँटेना. बघायला अगदी साधा, पण तो उभा राहायला परवाना, सर्वसाधारण सभा, स्ट्रक्चरल इंजिनिअर, विमानतळाचा नकाशा, फॅब्रिकेटर आणि वॉटरप्रूफिंगवाला इतके सगळे लागले. हॅमच्या परीक्षेबद्दल थोडीफार माहिती मिळते. मुंबई परिसरात फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने मास्ट कसा उभा करायचा आणि उभा झाल्यावर कसा सांभाळायचा, हे मला तुकड्यातुकड्याने गोळा करावं लागलं. म्हणून क्रमाने लिहिते आहे.

परवाना (२०२२ ते एप्रिल २०२३)

भारतात हौशी रेडिओचं स्टेशन चालवायला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) शाखेचा परवाना लागतो. त्याआधी ऑपरेटरची परीक्षा, म्हणजे एएसओसी. वयाची किमान अट १२ वर्षं. रिस्ट्रिक्टेड दर्जाला मोर्स कोड नाही, जनरलला मिनिटाला आठ शब्दांचा वेग लागतो. मी रिस्ट्रिक्टेडची परीक्षा दिली. अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर भरला. प्रमाणपत्र आल्यावर परवान्यासाठी दुसरा अर्ज, त्यात स्टेशनचा पत्ता. फी २० वर्षांसाठी १००० रुपये, आजीवन हवा असेल तर २०००. एप्रिल २०२३ मध्ये व्हीयू३ ने सुरू होणारं कॉलसाइन, म्हणजे हवेवरचं ओळखनाव, मिळालं. या दर्जाची कॉलसाइन्स व्हीयू३ ने सुरू होतात, जनरलची व्हीयू२ ने.

दोन गोष्टी इथेच सांगते. परवान्यावर पत्ता छापलेला असतो. भाड्याच्या घरात असाल आणि वर्षभरात जागा बदलणार असाल, तर आधी घर नक्की करा, नाहीतर पत्ता बदलण्याचा वेगळा अर्ज करावा लागतो. दुसरं म्हणजे परवान्याची वाट बघण्याचे महिने वाया जाऊ देऊ नका. मी त्या काळात मोजपट्टी घेऊन गच्चीचा नकाशा काढला. कॉलम कुठे आहेत, पाण्याच्या टाक्या कुठे, विजेचे आणि केबलचे दोर कुठून जातात, कपडे वाळत घालायच्या तारा कुठल्या बाजूला, लिफ्टची मशीन रूम किती उंच, सगळं त्यात टिपलं. पुढे सभेत, इंजिनिअरकडे आणि फॅब्रिकेटरकडे हाच कागद कामाला आला.

सोसायटी (मे ते सप्टेंबर २०२३)

गच्ची सगळ्यांची असते. परवाना सरकारचा असला तरी त्याने सामायिक जागेवर काही बांधायचा हक्क मिळत नाही. मी मे महिन्यात कमिटीला लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. कमिटीने विषय वार्षिक सर्वसाधारण सभेवर ढकलला. ही सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. तुमच्या डोक्यात मास्ट असेल तर विषयपत्रिका निघायच्या आधी अर्ज पोहोचलाच पाहिजे, नाहीतर वर्ष गेलं म्हणून समजा.

मधल्या काळात मी घराघरात जाऊन बोलले. लोकांच्या शंका रास्त होत्या. पहिली शंका मोबाईल टॉवरसारख्या किरणोत्सर्गाची. मी हिशोब कागदावर मांडून नेला होता. रेडिओ सेटमधून २५ वॅट, अँटेनामुळे एका दिशेला दुप्पट, आणि माणूस अँटेनाच्या अगदी समोर पाच मीटरवर उभा धरला, तर दर चौरस मीटरला साधारण ०.१६ वॅट येतात. या पट्ट्यात सर्वसामान्य लोकांसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा २ वॅट आहे. म्हणजे बारावा हिस्सा, तोही मी बोलत असतानाच. गच्चीवरच्या माणसाच्या डोक्यावरून जाणारी आडवी शक्ती खालच्या घरात त्याहून किती तरी कमी पोहोचते. हा कागद वाचून शेजारच्या एका आजोबांनी दोन आकडे पुन्हा करून बघितले आणि सभेत तेच माझ्या बाजूने बोलले. आकडे दाखवा, पण समोरच्याला ते स्वतः करून बघता येतील असे दाखवा.

दुसरी शंका गळतीची. सातव्या मजल्यावरच्यांनी दोनदा वॉटरप्रूफिंगचे पैसे भरले होते. "ताई, गच्चीला एक जरी भोक पाडलंत तर माझ्या बेडरूममध्ये पाणी येणार," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

तिसरा प्रश्न सेक्रेटरी काकांनी सभेत विचारला: "वादळाचा इशारा आला की हा खांब खाली कोण उतरवणार, आणि कसा?"

माझ्या आराखड्यात तोवर नऊ मीटरचा पक्का मास्ट होता. काकांच्या प्रश्नाने तो बदलला. घरी येऊन मी रेडिओ क्षितिजाचा, म्हणजे लहरी थेट किती लांब पोहोचतील याचा हिशोब पुन्हा मांडला. व्हीएचएफचं रेडिओ क्षितिज किलोमीटरमध्ये काढायचं तर मीटरमधल्या उंचीच्या वर्गमुळाला ४.१२ ने गुणतात. आमची इमारत २४ मीटर. तीवर सहा मीटर मास्ट म्हणजे ३० मीटर, क्षितिज साडेबावीस किलोमीटर. नऊ मीटर मास्ट घेतला तर पावणेचोवीसच्या जवळ. जेमतेम एका किलोमीटरसाठी मी असा खांब उभारणार होते, जो उतरवायला दरवेळी चढणारा माणूस बोलवावा लागला असता. इमारतीने उंची आधीच दिलेली आहे. मग ठरवलं की सहा मीटरच, पण बिजागरीवर आडवा होणारा, आणि प्रत्येक नटापर्यंत गच्चीवर उभं राहून हात पोहोचेल असा. आजही मला कुणी विचारलं की मास्ट किती उंच घेऊ, तर मी हेच सांगते: चढल्याशिवाय सांभाळता येईल तितकाच.

ठराव मंजूर झाला. अटी होत्या: स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला, १०,००० रुपये अनामत, गळती झाली तर दुरुस्ती माझ्या खर्चाने, सोसायटीने सांगितल्यास १५ दिवसांत मास्ट काढायचा, आणि दर दोन वर्षांनी सभेपुढे परवानगीचं नूतनीकरण. सगळं शंभराच्या स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं.

इंजिनिअर आणि विमानतळाचा नकाशा (ऑक्टोबर ते डिसेंबर २०२३)

मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. त्या वेगाला दर चौरस मीटरवर सुमारे ११८ किलोचा दाब येतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, त्यामुळे वरच्या टोकाला लावलेली प्रत्येक जास्तीची वस्तू महाग पडते. इंजिनिअरने अँटेनाचं वजन फारसं विचारलंच नाही. वाऱ्यासमोर तिचं क्षेत्रफळ किती, हे मात्र खोदून खोदून विचारलं.

त्यांनी दोन गोष्टी ठामपणे सांगितल्या. कठड्याला काहीही बांधायचं नाही. गच्चीचा कठडा विटांचा असतो, ताणाच्या तारेने तो बाहेर ओढला जाऊ शकतो. आणि मास्टचा पाया व ताणाच्या तारांचे चारही अँकर कॉलमच्या डोक्यावरच घ्यायचे. त्यासाठी पाच जागी ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा वॉटरप्रूफिंगचा थर) उघडावा लागला. कॉलममध्ये सळया केमिकलने बसवल्या, वर काँक्रीटचे छोटे ठोकळे ओतले आणि भोवतीचं वॉटरप्रूफिंग नव्याने केलं. हे काम मी मुद्दाम सोसायटीच्याच वॉटरप्रूफिंगवाल्याकडून करून घेतलं, कारण दुसऱ्या कुणी कोबा उघडला असता तर त्याची हमी संपली असती. खर्च २४,००० रुपये, दाखल्याचे इंजिनिअरचे ९,०००. नंतर ठोकळ्यांभोवती पाळ करून तीन दिवस पाणी साठवून ठेवलं. सातव्या मजल्यावरच्या वहिनी रोज संध्याकाळी मला बोलावून छत दाखवायच्या. कोरडं होतं. त्या छताचे तारखेसह फोटो काढून मी फाइलला लावले.

विमानतळाच्या आसपास उंचीची बंधनं असतात. विमानतळ प्राधिकरणाचे रंगीत नकाशे ऑनलाइन बघता येतात. तुमच्या चौकोनात समुद्रसपाटीपासून किती उंचीपर्यंत बांधकाम चालतं, ते त्यावर कळतं. लाल भागात असाल तर ना-हरकत दाखला घ्यावाच लागतो, त्याचा अर्ज नोकास या प्रणालीतून होतो. आपली उंची मोजताना जमिनीची समुद्रसपाटीपासूनची उंची, इमारत, मास्ट आणि वरची अँटेना हे चारही मिळवायचं. अँटेनाचं टोक बरेच जण विसरतात. आमची बेरीज मर्यादेच्या बरीच खाली होती, तरी त्या पानाची प्रत आणि जागेच्या उंचीचा सर्व्हेअरचा दाखला फाइलला लावला. पुण्यात लोहगावसारखा हवाई दलाचा विमानतळ जवळ असेल, तर ना-हरकत संरक्षण यंत्रणेकडून घ्यावी लागते.

फॅब्रिकेटरकडे

पाइप घेताना पट्टा बघा. जीआय (जस्ताचा थर दिलेल्या) पाइपवर पिवळा पट्टा म्हणजे हलका ए क्लास, निळा बी, लाल म्हणजे जाड सी क्लास. मी लाल पट्ट्याचा, ४० मिलिमीटरचा, एक अखंड सहा मीटरचा नग घेतला. वजन २६ किलोच्या आसपास. जोड नाही म्हणजे जोडाची काळजी नाही.

बिजागरीचा पाया काळ्या लोखंडात बनवून, सगळं वेल्डिंग संपल्यावरच तो गरम जस्तात बुडवून आणला. गॅल्व्हनाइझ केलेल्या पाइपला वेल्डिंग केलं की तिथलं जस्त जळतं आणि समुद्राच्या हवेत गंज बरोबर त्याच जागी धरतो. शिवाय तो धूर श्वासात जाणं वाईट. म्हणून पाइपला वेल्डिंग केलंच नाही, तो पायाच्या बाहीत बोल्टने कसला. पाइप, पाया आणि जस्त मिळून १४,५०० रुपये.

ताणाच्या तारा किती, यावर फॅब्रिकेटर दादांशी बराच वेळ चर्चा झाली. उभ्या मास्टला १२० अंशांवर तीन तारा पुरतात. आडवा होणाऱ्या मास्टला चार लागतात, आणि त्यांतल्या दोन बरोबर बिजागरीच्या आसाच्या रेषेत, आसाच्याच पातळीला हव्यात. तसं असेल तर मास्ट उभा-आडवा होताना या दोन बाजूच्या तारा सतत सारख्याच ताणात राहतात आणि खांब डावी-उजवीकडे कलत नाही. अँकर खाली-वर असतील तर अर्ध्या वाटेवर एक तार ढिली पडते आणि दुसरी तुटायला येते. म्हणून सळया बसवायच्या आधी पाण्याची पातळी-नळी धरून दोन्ही बाजू तपासल्या होत्या.

तार स्टेनलेसची घेतली, आणि प्रत्येक तारेत मध्ये चिनीमातीचे अंडाकृती इन्सुलेटर घातले, म्हणजे तार स्वतःच अँटेना बनून गोंधळ घालत नाही. या इन्सुलेटरमध्ये दोन्ही फास एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे चिनीमाती फुटली तरी तार सुटत नाही. तारेला क्लिप लावताना यू-बोल्टचा गोल भाग नेहमी कापलेल्या, मोकळ्या टोकावर यावा आणि खोगीर ताण घेणाऱ्या तारेवर. उलट लावलेली क्लिप ताणाची तारच चेपून कमजोर करते. टर्नबकल (तार ताणायचा दोन बाजूंनी आटे असलेला स्क्रू) कसून झाल्यावर त्यातून बारीक तार ओवून बांधायची, कारण वाऱ्याच्या थरथरीने ते हळूहळू उलगडतात. तारा, क्लिप, इन्सुलेटर, टर्नबकल सगळं ७,८०० रुपये.

उभारणी (जानेवारी २०२४)

दिवस मुद्दाम संक्रांतीनंतरचा निवडला. पतंगांच्या दिवसांत गच्चीवर मुलं असतात आणि मांजा कशातही अडकतो.

रविवारी सकाळी वारा नव्हता. दोन ज्येष्ठ हॅम मित्र, फॅब्रिकेटर दादा, त्यांचा मदतनीस आणि मी. गच्चीचं दार वॉचमनदादांनी सांभाळलं. सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट. मित्रांपैकी एकाने सुरुवातीलाच सांगितलं की हुकूम एकच माणूस देईल, पण "थांबा" कुणीही ओरडू शकतो, आणि तसं ऐकू आलं की सगळे जागच्या जागी थांबणार.

आधी अँटेनाशिवाय रिकामा खांब उभा करून बघितला. खांबाच्या पायाशी, त्याला काटकोनात दोन मीटरचा दुसरा पाइप जोडलेला असतो, त्याला जिन पोल म्हणतात. मागची तार त्याच्या टोकावरून जाते आणि हाताच्या विंचने ओढली जाते. सगळ्यात जास्त जोर लागतो तो खांब जमिनीला समांतर असताना, अगदी पहिल्या हाताच्या अंतराला. विंच कुरकुरली, खांबाचा मधला भाग किंचित वाकला, आणि मग टोक कठड्याच्या वर आलं. अर्ध्यावर गेल्यावर ओढणं हलकं झालं आणि आता पुढच्या तारेवरच्या माणसाने त्याला धरून ठेवायची वेळ आली, नाहीतर उभा झालेला खांब पलीकडे जातो. ओळंबा लावून चारही तारा थोड्या थोड्या कसल्या. मग पुन्हा खाली आणला, अँटेना लावली, केबल बांधली आणि दुसऱ्यांदा उभा केला. दुपारी खांब ओळंब्यात उभा होता आणि मला बराच वेळ काही बोलवेना.

केबलवर पैसे वाचवू नका. आमच्या घरापर्यंत ३० मीटर केबल लागली. १४५ मेगाहर्ट्झला बारीक आरजी-५८ इतक्या लांबीत सुमारे सहा डेसिबल खाते, म्हणजे सेटमधून निघालेल्या शक्तीचा चौथा हिस्साच वर पोहोचतो. जाड आरजी-२१३ मधून निम्म्याहून थोडी जास्त पोहोचते. केबल ६,५०० ला पडली. कनेक्टर जोडून झाला की आधी स्वतःला चिकटणारी रबरी टेप, वर पीव्हीसी टेप, आणि गुंडाळताना खालून वर जायचं, म्हणजे टेपचे पदर कौलांसारखे पाणी बाहेर टाकतात. घरात शिरायच्या आधी केबलला खाली लोंबता वळसा द्या, पाणी तिथूनच ठिबकून जातं.

४० मीटरच्या तारेची लांबी १४३ भागिले मेगाहर्ट्झ या सूत्राने काढली, पण थोडी लांबच ठेवली. गच्चीच्या स्लॅबमधल्या सळया आणि उतरत्या बाजू यांमुळे ती अपेक्षेपेक्षा खाली, ६.८ मेगाहर्ट्झला वाजू लागली. नॅनोव्हीएनए हे अँटेना मोजायचं छोटं यंत्र लावून दोन्ही टोकं सारखी दुमडत दुमडत ७.१ वर आणली. दुमडून बांधायची, कापायची नाही. पुढे काही बदललं तर ती तार परत लागते. टोकांना बोलताना मोठा व्होल्टेज असतो, म्हणून ती कोपऱ्यांवरच्या वेगळ्या खांबांना अडीच मीटरच्या वर बांधली, मुलांचा हात पोहोचणार नाही अशी. दोरी पॉलिस्टरची घ्या. नायलॉन ताणलं जातं आणि पॉलिप्रॉपिलीन उन्हात भुगा होतं. दोन्ही अँटेना मिळून ९,०००.

आर्थिंगसाठी मास्ट इमारतीच्या तडितरक्षकाच्या पट्टीला जीआय पट्टीने जोडला, आणि केबल घरात शिरते तिथे अरेस्टर (विजेचा झटका आर्थिंगकडे वळवणारा भाग) बसवला. वेगळा अर्थ पिट करून तो इमारतीच्या आर्थिंगला न जोडणं धोक्याचं, कारण वीज पडली की दोन्हींमधला व्होल्टेजचा फरक तुमच्या सेटमधूनच वाट काढतो. इलेक्ट्रिशियनने मोजून रेझिस्टन्स दहा ओहमच्या आत असल्याचं लिहून दिलं. ८,५०० रुपये. सोसायटीची अनामत आणि सेट सोडून सगळा खर्च ऐंशी हजारांच्या घरात गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ४० मीटरवर कोल्हापूरकडच्या एका ऑपरेटरने माझं कॉलसाइन नीट उच्चारून परत सांगितलं. त्या सकाळचं लॉगबुकचं पान मी अजून अधूनमधून उघडते.

पहिल्याच आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या कॉम्प्युटर स्पीकरमधून माझा आवाज यायला लागला. स्पीकरच्या वायरला फेराइटच्या, म्हणजे वायरीतल्या रेडिओ लहरी अडवणाऱ्या, दोन चिमट्या लावल्या आणि थांबला. अशा दहा-बारा चिमट्या घरात ठेवा आणि तक्रार येताच त्याच दिवशी जा. उलट बाजूनेही त्रास होतो. लिफ्ट चालू झाली की तिच्या ड्राइव्हचा खरखराट माझ्या ४० मीटरवर येतो. त्यावर अजून पूर्ण तोडगा नाही, संध्याकाळी लिफ्टची गर्दी ओसरल्यावर बोलते.

मे २०२४

१३ मे २०२४ ला वादळी वाऱ्यात घाटकोपरचं महाकाय होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं आणि १७ माणसं गेली. त्या रात्री सोसायटीच्या ग्रुपवर गच्चीच्या खांबाचे फोटो फिरू लागले. लोक घाबरलेले होते आणि त्यांचं घाबरणं बरोबर होतं. आकडे सांगून त्या दिवशी काही उपयोग झाला नसता.

मी कमिटीला विचारून पुढच्या रविवारी ज्यांना बघायचं त्यांना गच्चीवर बोलावलं. इंजिनिअरचा दाखला ठेवला. मग मित्राला बरोबर घेऊन मास्ट सगळ्यांसमोर आडवा केला. विंचचा दांडा फिरवत खांब सावकाश खाली आला आणि लाकडी घोड्यावर टेकला. सेक्रेटरी काकांनी स्वतः जवळ जाऊन बिजागरीची पिन हलवून बघितली, एका मुलाने अँटेनाला हात लावला. तेव्हाच ठरलं की वेधशाळेचा ऑरेंज किंवा रेड इशारा आला की मास्ट आडवा राहील, आणि तो कसा उतरवायचा याचा एक कागद गच्चीच्या दाराच्या आत चिकटवायचा, मी गावाला असले तर कुणालाही बघता येईल असा. तो अजून तिथे आहे. सोसायटीच्या विमा कंपनीला मास्टची लेखी कल्पनाही तेव्हाच दिली.

देखभाल

वर्षात दोनदा मास्ट खाली येतोच: मेच्या पहिल्या पंधरवड्यात आणि पाऊस गेल्यावर ऑक्टोबर-अखेर. प्रत्येक वेळी एका वहीत तारीख, काय बघितलं, काय बदललं आणि मापं लिहिते. तारेची एकेक पीळ बोटांनी चाचपायची, हातमोजा घालून, कारण तुटलेला एक धागा डोळ्याला दिसत नाही पण हाताला टोचतो. टर्नबकलचे आटे ग्रीस करायचे. ठोकळ्यांच्या कडेला भेग आहे का बघायची. ॲल्युमिनियम आणि स्टीलचा जोड जिथे आहे तिथे पांढरी पूड दिसली तर घासून पेस्ट लावायची.

ऑक्टोबर २०२४ च्या तपासणीत एक गोष्ट शिकायला मिळाली. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते त्याचं माप, १ च्या जितकं जवळ तितकं चांगलं) पहिल्या दिवसापेक्षा चांगला दिसत होता, १.३ चा १.१ झालेला, आणि तरीही दूरची रिपीटर्स (ऐकलेलं पुन्हा प्रक्षेपित करणारी स्टेशनं) मंद ऐकू येत होती. मित्र म्हणाला, आधी केबल बघ. वरचा कनेक्टर सोडला. पश्चिमेच्या उन्हाने बाहेरची टेप एका बाजूला उभी चिरली होती आणि आतली जाळी काळी-हिरवी पडली होती. दाबल्यावर पाण्याचा थेंब बाहेर आला. पाणी शिरलेली केबल शक्ती खाते, जातानाही आणि परत येतानाही. परावर्तित शक्ती वाटेतच मुरते आणि मीटरला सगळं उत्तम वाटतं. म्हणून नुसता एसडब्ल्यूआर बघू नका. नवी केबल टाकल्या दिवशी तिचं दुसरं टोक मोकळं सोडून रिटर्न लॉस (परत आलेली शक्ती किती डेसिबलने कमी आहे ते) मोजा. त्याचा निम्मा आकडा म्हणजे केबलचा एकेरी तोटा. तो वहीत लिहून ठेवा आणि दर तपासणीला तसाच पुन्हा मोजा. मी मीटरभर केबल कापून नवा कनेक्टर लावला, आणि आता पीव्हीसी टेप दर मे महिन्यात नवी घालते, जुनी कशीही दिसत असली तरी.

विजेचा काळ आमच्याकडे मुख्यतः मे-जून आणि परतीच्या पावसाचा. ढग गडगडायच्या आधीच केबल सेटपासून काढून खिडकीबाहेरच्या आर्थिंगच्या पट्टीवर लावते. अरेस्टर आहे म्हणून हे टाळू नये. संक्रांतीनंतर मांजा काढायला एकदा मास्ट उतरवावा लागतो, कारण ओला मांजा तारेला गुंडाळून राहिला तर त्याखाली गंज धरतो. सुरुवातीला घेतलेले गॅल्व्हनाइझ्ड टर्नबकल या मे महिन्यात बदलून ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचे घातले, चार नग ३,२०० रुपये. समुद्राजवळ असाल तर पहिल्यापासूनच तेच घ्या.

सप्टेंबर २०२५ च्या सभेत परवानगीचं नूतनीकरण झालं. मी देखभालीची वही आणि सातव्या मजल्यावरच्या छताचे दोन पावसाळ्यांचे फोटो टेबलावर ठेवले होते. सभेने एक अट वाढवली: इंजिनिअरची तपासणी दर दोन वर्षांनी, खर्च माझा. ती मी लगेच मान्य केली. ऑक्टोबरमध्ये इंजिनिअर येऊन गेले. त्यांनी मागच्या अँकरच्या डोळ्याच्या बोल्टखाली मोठा वॉशर घालायला सांगितला, तो घालून झाला आहे. अर्जाचा मसुदा, हमीपत्र आणि मास्ट उतरवण्याचा दारावरचा कागद कुणाला हवा असेल तर जरूर मागा, पाठवेन. आपल्या गच्चीप्रमाणे बदल मात्र स्वतःच्या इंजिनिअरला विचारून करा.